खाली नाव कोणाचं?

पाटोद्यातल्या सातवीच्या एखाद्या पोरीला सांगून बघा, ‘माझं गाव पाटोदा’ या विषयावर मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ कर. ती गावाचं नाव टाकून शोधेल. समोर येईल एक आदर्श ग्रामपंचायत, वेळेवर कर भरणाऱ्याला मोफत दळण, आणि राज्यभर व्याख्यानं देणारे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील. पोरगी हरखून जाईल. आवाज देईल, मागं गाणं लावेल, ‘लाईक करा, शेअर करा’ म्हणेल आणि टाकून मोकळी होईल. मामाच्या गावापासून पुण्यातल्या आत्यापर्यंत सगळे अंगठे दाखवतील.

आणि व्हिडिओतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची असेल. कारण ते पाटोदा छत्रपती संभाजीनगरजवळचं आहे. बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण असलेलं, बालाघाटाच्या डोंगरातलं पाटोदा वेगळं. येवला तालुक्यात आणखी एक पाटोदा आहे, ते तिसरं.

तिनं डोंगराचा फोटो शोधला तर आणखी एक खड्डा. बालाघाट नावाचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशात आहे. तिथलं साल-सागाचं जंगल उचलून ती आपल्या उघड्या माळावर चिकटवेल. भगवानगड आणि भगवान भक्तिगड यांचीही सरमिसळ होईल. भगवानगड पाथर्डी तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. भगवान भक्तिगड सावरगाव घाटला, भगवानबाबांच्या जन्मगावी, म्हणजे पाटोदा तालुक्यातच. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण स्क्रीनवर एकदा वेगळं दिसलं की पोर स्वतःच्या माहितीवर शंका घेतं आणि स्क्रीनवर विश्वास ठेवतं.

दोष पोरीचा नाही. तिला शोधायला शिकवलं, टाकायला शिकवलं. या दोहोंच्या मधली पायरी कोणी शिकवलीच नाही. तपासणं ही ती पायरी. तिला तास नाही, तिला गुण नाहीत, तिची वही नाही. म्हणून ती कोणाला येत नाही.

*

‘एका व्हिडिओनं काय बिघडतं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं पोरं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. पोरं पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होता. तपासला कोणी नव्हता. पाठवला सगळ्यांनी होता.

त्याच काळात देशभर एक क्लिप फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघं रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. क्लिप कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी केलेला तो छोटा चित्रपट होता. त्यात मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. लेकरं वाचवण्यासाठी केलेली चित्रफीत माणसं मारायला वापरली गेली. मूळ चित्रफीत शेवटपर्यंत शोधून पाहायचे कष्ट घेतले असते, तर एवढ्यानं अफवेतली हवा निघाली असती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीनं बटणाला लगाम घातला. बोटाला लगाम घालायचं काम घराचं आणि शाळेचं होतं. ते अजून बाकी आहे.

भटक्या समाजातली माणसं पाटोद्याच्या बाजारातही येतात. राईनपाडा लांबचं आहे, असं समजून कोणी निश्चिंत राहू नये.

*

बीड जिल्ह्यानं मार्च २०२५ मध्ये दुसरी गोष्ट पाहिली. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाचे फोटो बाहेर आले आणि रातोरात मोबाईल-मोबाईलवर गेले. फोटो खरे होते. इथं खोट्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, खरं असलं म्हणून ते चौथीतल्या पोराच्या हातात जावं का? एका घरानं आपल्या माणसाचे शेवटचे क्षण दर दहा मिनिटांनी कोणाच्या तरी स्टेटसला पाहावेत का?

मुलांना शिकवायचा दुसरा धडा हा आहे. खरं-खोटं ही पहिली चाळण. ती पार झाली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. यानं कोणाला इजा होईल, कोणाच्या आईच्या डोळ्यापुढं हे येईल, ही दुसरी चाळण. संताप सच्चा असू शकतो. पण संताप दाखवायला दुसऱ्याच्या घरातलं प्रेत लागत नाही. न्याय मागायला शब्द पुरतात, मोर्चा पुरतो, न्यायालय आहे.

हे त्या आठवड्यात किती वर्गांत बोललं गेलं? पोरांनी पाहिलं सगळ्यांनी. बोलायला मोठं माणूस कोणी भेटलं नाही.

*

आता मोठ्यांकडे वळू, कारण पोरं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात.

शाळेत झाड लावलं, फोटो टाक. खिचडी वाटली, फोटो टाक. गणवेश आला, फोटो टाक. वरून मागणी येते म्हणून गुरुजी टाकतात. गुरुजींनाही पर्याय ठेवलेला नाही, उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणजे फोटो, असं आपण ठरवून टाकलं आहे. त्या फोटोत मागच्या भिंतीवर शाळेचं नाव असतं, फळ्यावर इयत्ता आणि तारीख असते, पोरीच्या वहीवर तिचं आख्खं नाव असतं. अनोळखी माणसाला एका लेकराचा पत्ता शोधायला याहून जास्त काय लागतं? शिष्यवृत्तीची यादी जन्मतारखेसकट ग्रुपवर येते. ‘अर्जंट पाठवा’ म्हटलं की पालक आधार कार्डाचा फोटो त्याच ग्रुपवर टाकतात. ते शंभर माणसांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसतं आणि कोणीच पुसत नाही.

आणि ऊसतोड्यांची लेकरं? दिवाळीच्या आगंमागं तालुक्यातली गावंच्या गावं कारखान्यांच्या वाटेनं रिकामी होतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. मग कॅमेरे येतात. कोपीपुढं शेंबूड पुसणारं पोर, डोक्यावर वाढ्याचा भारा घेतलेली पोर, जवळून, चेहरा स्पष्ट, खाली गावाचं नाव. टाकणाऱ्याला वाटतं, आपण प्रश्न मांडला. त्या पोरीला कोणी विचारलं का? वर्षभरानं ती तालुक्याच्या हायस्कुलात जाते आणि वर्गातलं कोणीतरी तोच फोटो काढून दाखवतं. मग तिला काय वाटत असेल?

कायदा याबाबत गप्प नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ सांगतं की पीडित, साक्षीदार किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल या व्याख्येत बसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरणाऱ्या संस्थांवर पालकांची पडताळलेली संमती घ्यायचं बंधन घातलं आहे. कायदे आहेत. माहीत करून द्यायला शाळेच्या पालकसभेत दहा मिनिटं लागतील.

ऊसतोड्याच्या पोराची गोष्ट जगापुढं यायलाच हवी. पण ती त्या पोराला सांगू द्या. त्याच्या शब्दांत, त्याला हव्या त्या नावानं, चेहरा दाखवायचा की नाही हे त्याला आणि त्याच्या आईला ठरवू द्या. कॅमेऱ्यापुढं उभं केलेलं पोर आणि कॅमेरा हातात घेतलेलं पोर यांत फार अंतर आहे. शिक्षणानं ते अंतर पार करायचं असतं.

*

कोणतंही मराठी वर्तमानपत्र उलटं करा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक मजकूर असतो. हे वृत्तपत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून तमुक पत्त्यावर प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. १८६७ च्या कायद्यानं छापणाऱ्यावर हे बंधन घातलं. कायदा इंग्रजांनी आपल्यावर नजर ठेवायला केला होता, हे खरं. पण त्यातून वाचकाच्या हाती एक हक्क आला. छापलेल्या शब्दाला धनी असतो, आणि जाब विचारायला त्याचा पत्ता असतो. बीड जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथं गावोगावी स्थानिक दैनिकं वाचली जातात, तिथं हा तळाचा मजकूर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे.

मोबाईलवरच्या मजकुराला तळच नाही. ‘आलंय तसं पाठवलंय’ ही तिथली संपादकीय भूमिका. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे पूर्वी पारावर चालायचं आणि पारावरच विरायचं. आता ते कायमचं राहतं.

म्हणून माझी पहिली सूचना. शाळेतलं पोर जे काही प्रसिद्ध करेल, मग ती कविता असो, व्हिडिओ असो, गावाच्या विहिरींची यादी असो, त्याच्या खाली चार ओळी हव्यातच. कोणी केलं. माहिती कुठून घेतली. कोणी तपासलं. कोणत्या तारखेला. नाव पहिलंच पुरे, आडनाव-पत्ता नको. शाळेच्या वहीत पूर्ण नोंद राहील. या चार ओळी लिहायला लागल्या की पोराचा हात आपोआप थांबतो. ‘माहिती कुठून घेतली’ ही ओळ रिकामी सोडता येत नाही आणि ‘कोणी तपासलं’ इथं मित्र फुकट सही देत नाही.

यात नवं काही नाही. आपल्या शाळांना हे येत होतं. वर्षाला एक हस्तलिखित निघायचं. पोरं लेख आणायची, एक संपादक मंडळ बसायचं, मराठीच्या बाई लाल शाई चालवायच्या, ‘ही कविता तुझी नाही, कुठून उतरवलीस?’ असं कान धरून विचारायच्या. मग ज्याचं अक्षर चांगलं तो सुवाच्य प्रत काढायचा आणि अनुक्रमणिकेत प्रत्येकाचं नाव लागायचं. भित्तिपत्रकाचंही तसंच. भिंतीवर लागण्याआधी दोन डोळ्यांखालून गेल्याशिवाय कागद चिकटत नसे. वाचणारे किती? फार तर शाळेतली पोरं. शंभर-दोनशे वाचकांसाठी एवढी तपासणी होती. आज त्याच पोराला अख्खं जग वाचू शकतं आणि तपासणी शून्य. हा उलटा कारभार आहे.

*

दुसरी सूचना, तास कसा घ्यायचा. पाटोदा तालुक्यात यासाठी पाहिजे तसा विषय दारात आहे. मांजरा नदी. सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीला मिळणारी ही नदी याच तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. पण ऑनलाईन शोधा, काही ठिकाणी उगम सरळ शेजारच्या जिल्ह्यात ढकललेला सापडेल, काही ठिकाणी गावाचं नावच नसेल. मग वर्गात असं व्हायला हवं:

“सर, गूगलवरच आहे की.”

“गूगलवर कोणी लिहिलंय?”

“नाव नाही, सर.”

“कधी लिहिलंय?”

“जुनं असंल. त्यात अजून अहमदनगर लिहिलंय.”

“बरोबर पकडलंस. दुसरं कुठं बघशील?”

“जिल्ह्याच्या गॅझेटिअरात.”

“आणि?”

“नकाशात. आणि सर, उगमाच्या बाजूचं एक पोरगं आठवीत आहे, त्याच्या आज्याला विचारतो.”

झाला तास. यात इंटरनेटचा वेग लागला नाही, स्मार्ट बोर्ड लागला नाही. मजकुराला लेखक आहे का, तारीख आहे का, दुसरा स्वतंत्र पुरावा आहे का, आणि जागेवरचं माणूस काय म्हणतं, एवढे चार प्रश्न लागले. त्यात जिल्ह्याच्या जुन्या नावानं पोराला तारखेचा सुगावा दिला, हे विशेष. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं बदलून फार वर्षं झालेली नाहीत. मजकूर कधीचा आहे हे ओळखायला मराठवाड्यातल्या पोराइतकी सोय कोणालाच नाही.

फोटोचंही तसंच. सौताड्याच्या धबधब्याचा म्हणून आलेला फोटो उलटा शोधायला मोबाईलवर लेन्स आहे. कपिलधारचा फोटो सौताड्याच्या नावावर खपवलेला असेल, तर तिथं जाऊन आलेल्या पोराला तो खडक पाहूनच कळेल. त्याला ‘तुला काय कळतंय’ म्हणून गप्प बसवू नका. या विषयातला तज्ज्ञ तोच आहे.

आणि हे पोकळ कौतुकासाठी नाही. याच मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. ज्या नदीच्या भरवशावर शहरं जगतात, तिच्या उगमाकडची पोरं तिच्याबद्दल नेमकं लिहायला शिकली, तर उद्या ओढ्यात किती पाणी आहे, बंधारा कुठं फुटला आहे, टँकर किती खेपा करतो, हेही नेमकं लिहितील. दुष्काळी तालुक्याला अशी माणसं फार लागतात.

*

तिसरी सूचना चोरीबद्दल. दुसऱ्याची कविता आपल्या नावावर टाकणं ही चोरी आहे, हे पोरांना स्पष्ट शब्दांत सांगा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं आज कोणीही मुक्तपणे छापू शकतं. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाईन वाचता येतात. पण वाचायला फुकट म्हणजे उचलायला फुकट नव्हे. हा फरक सातवीत कळायला काहीच अवघड नाही. आंबा कोणाच्या बांधावरचा, हे त्याला पहिलीपासून कळतं.

आता यंत्राकडून निबंध लिहून घेणं आलं आहे. ते थांबणार नाही. पण यंत्र ज्या ठामपणानं खरं सांगतं, त्याच ठामपणानं दोन पाटोद्यांचं एक पाटोदा करू शकतं. म्हणून यंत्राची मदत घेतली असेल तर चार ओळींत तेही लिहायचं, आणि त्यातला प्रत्येक दावा स्वतः तपासायचा. नाव खाली पोराचं लागणार आहे. यंत्राला कोणी जाब विचारत नाही.

आणि चूक झालीच तर? गुपचूप पुसायची नाही. वर ठळक लिहायचं: ‘दुरुस्ती. आधीच्या व्हिडिओत संभाजीनगरजवळच्या पाटोद्याची माहिती आली होती. ती काढली आहे.’ हे लिहिणाऱ्या पोराचे गुण कापू नका, वाढवा. चूक मान्य करणाऱ्याला आपण हसतो, म्हणून मोठेपणी कोणी मान्य करत नाही. ही खोड लहानपणीच मोडता येते.

*

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. केरळात ‘स्कूल विकी’ नावाचा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला. राज्यातल्या पंधरा हजारांहून अधिक शाळांची माहिती, गावाचा इतिहास, मुलांचं लेखन मल्याळममध्ये तिथं आहे, आणि ते शाळाच भरतात. त्याच राज्यात कन्नूर जिल्ह्यानं २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग घेतले. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं आणि झालं. राईनपाडा घडलं तेच हे वर्ष.

आपल्याकडे माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथं प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो आणि संदर्भ नसला तर वाक्य काढलं जाऊ शकतं. तपासून लिहिण्याची याहून मोठी आणि फुकट शाळा मराठीत दुसरी नाही.

काहीजण म्हणतील, पोरांच्या हातातून मोबाईल काढून घ्या, प्रश्नच मिटला. मिटत नाही. पोर तो शेजाऱ्याकडे बघतं, लपून बघतं, आणि मग विचारायलाही येत नाही. बंदीनं पोर गप्प होतं, जबाबदार होत नाही.

म्हणून पाटोदा तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. नवी योजना नको, नवं अॅप नको, त्याचाही फोटो अपलोड करायला लावू नका. आठवड्यातला एक तास द्या. प्रत्येक शाळेत पाच पोरांचं संपादक मंडळ बसवा, त्यात जवळजवळ निम्म्या पोरी आणि एक तरी लेकरू ऊसतोड्याच्या घरचं असू द्या. वर्षभरात प्रत्येक मुलानं आपल्या गावाबद्दल एकच गोष्ट तपासून, विचारून, नाव लावून प्रसिद्ध करावी. आणि ग्रुपवरच्या मोठ्यांनो, पुढचा निरोप ढकलण्याआधी त्याच्या खाली स्वतःचं नाव लिहून बघा. लिहायला हात कचरला, तर तो निरोप पाठवू नका.